चौघांतला एक उठून जातो तेव्हा

ख्रिस्ती उपासनेत शब्दाला अग्रमान आहे. वाचने, प्रवचन, श्रद्धावंतांच्या प्रार्थना, जपमाळेत पुनःपुन्हा उच्चारली जाणारी वचने, या सर्वांनी आपले प्रार्थनामंदिर भरून राहिलेले असते. गायनही आपण प्रायः शब्दासाठीच करतो. ऑर्गन वा पेटी त्या शब्दाला आधार देण्यापुरती वाजते आणि गीत संपले की थांबते. म्हणूनच ज्या संगीतात शब्दच नाहीत त्याचे काय करावे, हा प्रश्न ख्रिस्तसभेला फार जुन्या काळापासून पडत आला आहे. त्याची उत्तरेही काळानुसार निरनिराळी दिली गेली.

संत ऑगस्टिन (३५४-४३०) यांनी स्तोत्रांवरील आपल्या विवेचनात शेतात कापणी करणाऱ्या आणि द्राक्षमळ्यात राबणाऱ्या माणसांचे उदाहरण दिले आहे. ही माणसे आरंभी शब्द असलेले गीत गातात. परंतु आनंद अनावर झाला की अक्षरे गळून पडतात आणि केवळ स्वर उरतो. परमेश्वर शब्दांत मावणारा नाही, तेव्हा त्याच्यापुढे असे अक्षरांवाचून गाणे उचितच होय, असा त्या विवेचनाचा भावार्थ आहे. वाद्यांच्या बाबतीत मात्र ख्रिस्तसभा दीर्घकाळ सावध राहिली. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे संगीताची आश्रयदाती मानल्या जाणाऱ्या संत सिसिलियाच्या सणादिवशी, पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी आज्ञापत्र काढले. त्यात मंदिरात पियानो वाजविण्यास मनाई होती, आणि ढोल, झांजा यांसारखी गोंगाटाची वाद्येही वर्ज्य ठरविली होती. साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. त्याने पाइप ऑर्गनचा मान कायम राखला आणि उपासनेला साजतील अशी अन्य वाद्येही धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने स्वीकारण्याची वाट मोकळी करून दिली. आज आपल्या मंदिरांत तबला आणि ढोलकी ऐकू येते, तिच्यामागे हा निर्णय आहे.

हा झाला उपासनेतील संगीताचा विचार. घरातील संगीताचा प्रश्न याहून वेगळा आणि एका अर्थी अधिक नाजूक आहे. मुलाच्या खोलीतून विजेच्या गिटारचा खरखरीत गडगडाट आणि ड्रमचा कल्लोळ ऐकू येऊ लागला, की आईबापांच्या कपाळावर आठी उमटते. 'हे कसले संगीत?' या उद्गारात केवळ कानाची तक्रार नसते. आपले मूल कोणत्या वाटेने चालले आहे याची काळजीही त्यात असते. ती काळजी निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. १९७० साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातून ब्लॅक सबाथ या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि तेथून 'हेवी मेटल' या प्रकाराचा आरंभ मानला जातो. या प्रकारातील कित्येक गीतांचे शब्द आणि वेष्टनांवरील चित्रे ख्रिस्ती मनाला खुपणारीच होती. परंतु ज्या आवाजाशी हे शब्द जोडले गेले, तो आवाजही त्यामुळे दोषी ठरतो काय? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर त्याच घराण्यातील, पण शब्दांचा पूर्ण त्याग केलेल्या एखाद्या कृतीकडे पाहणे सोयीचे पडेल. अशी एक कृती आम्हांला ठाऊक आहे. 'लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंट' या अमेरिकी बँडची १९९९ साली प्रसिद्ध झालेली दुसरी ध्वनिमुद्रिका ती हीच. तिच्या जन्मकथेत एका बाळाच्या जन्माची कथा गुंतलेली आहे, आणि म्हणून ती आपल्यासारख्या कुटुंबवत्सल वाचकांनी जाणून घेण्याजोगी आहे.

प्रथम या संगीताची थोडी वंशावळ पाहू. १९६० च्या दशकाच्या अखेरीस काही इंग्रज वादकांना तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट अपुरी वाटू लागली. १९६९ साली किंग क्रिम्सन या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका आली. पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि जॅझ यांच्याकडून उसनवारी करून लांबलचक, अनेक विभागांच्या रचना बांधण्याची ही जी रीत रूढ झाली, तिला 'प्रोग्रेसिव्ह रॉक' असे नाव मिळाले. १९७१ साली जॉन मॅक्लॉफ्लिन या गिटारवादकाने महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा बँड काढला. त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत गायक नव्हता. कॅनडातील रश या बँडने १९८१ साली टोरांटो विमानतळाच्या 'वाय वाय झेड' या सांकेतिक अक्षरांचे नाव दिलेली एक शब्दविरहित रचना प्रसिद्ध केली आणि ती तरुण ड्रमवादकांची जणू परीक्षाच होऊन बसली. पुढे हेवी मेटलचा जड आवाज आणि प्रोग्रेसिव्ह रॉकची गुंतागुंतीची बांधणी यांचा संगम झाला. या संगमातून जे बँड नावारूपाला आले, त्यांत अमेरिकेतील ड्रीम थिएटर हा प्रमुख होय.

या संगीतातील गुंतागुंत म्हणजे नेमके काय, हे आपल्याकडील वाचकाला समजून घेणे मुळीच अवघड नाही. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत बहुतांशी चार मात्रांच्या चालीने चालते. आपल्याकडे रूपक सात मात्रांचा आणि झपताल दहा मात्रांचा. त्यामुळे विषम चालीची आपल्या कानाला सवय आहे. प्रोग्रेसिव्ह मेटलचे वादक असेच पाच, सात, नऊ मात्रांचे गट वापरतात. फरक इतकाच, की आपल्याकडे एकदा ताल धरला की आवर्तन कायम राहते आणि सम ठरलेल्या जागी येते. येथे आवर्तनच वरचेवर बदलते, आणि सर्व वादकांनी एका श्वासात नव्या आवर्तनात उडी घ्यायची असते.

विषम मात्रांचा हा शोध मंदिराच्या भिंतींबाहेरच झाला असे मात्र कोणी समजू नये. पॅरिसमधील होली ट्रिनिटी मंदिरात १९३१ पासून १९९२ साली मृत्यू येईपर्यंत ऑर्गन वाजविणारे ऑलिव्हिए मेसियाँ हे विसाव्या शतकातील थोर कॅथलिक संगीतकार. शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकर' ग्रंथात नोंदलेल्या १२० देशी तालांचा त्यांनी अभ्यास केला आणि आपल्या रचनांत त्यांचा वापर केला. तो ग्रंथ तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीस, म्हणजे आजच्या दौलताबादेस लिहिला गेला. महाराष्ट्राच्या भूमीवर नोंदलेले ताल पॅरिसच्या एका ऑर्गनवादकाच्या रचनांत अशा रीतीने जाऊन बसले. हेच मेसियाँ मिस्सेच्या वेळी ऑर्गनवर उत्स्फूर्त वादनही करीत. तेव्हा विषम ताल आणि उत्स्फूर्त वादन ही दोन्ही अंगे आपल्या परंपरेला परकी नाहीत, एवढे ध्यानात ठेवून आपण मूळ कथेकडे वळू.

१९८५ साली बॉस्टनमधील बर्कली संगीत महाविद्यालयात माइक पोर्टनॉय हा ड्रमवादक, जॉन पेट्रुची हा गिटारवादक आणि जॉन माँग हा बासवादक असे तीन विद्यार्थी एकत्र आले. या मैत्रीतून पुढे ड्रीम थिएटर उभे राहिले. १९९२ साली निघालेल्या त्याच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेने त्याला जगभर श्रोते मिळवून दिले. १९९७ च्या सुमारास मॅग्ना कार्टा या ध्वनिमुद्रण कंपनीने पोर्टनॉय यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला: ड्रीम थिएटरच्या बाहेर, आपल्या पसंतीचे वादक घेऊन एक स्वतंत्र ध्वनिमुद्रिका करावी. बऱ्याच विचारांती जे तिघे ठरले, त्यांत एक पेट्रुचीच होते.

दुसरे होते टोनी लेव्हिन. जन्म १९४६ चा, म्हणजे पोर्टनॉय आणि पेट्रुची यांच्यापेक्षा हे वीस वर्षांहून अधिक वडील. रॉचेस्टर येथील ईस्टमन संगीत विद्यालयात त्यांचे शिक्षण अभिजात पद्धतीने झाले होते. पुढे ते पीटर गेब्रियल यांचे अनेक वर्षांचे साथीदार आणि १९८१ पासून किंग क्रिम्सनचे वादक म्हणून प्रसिद्धीस आले. बास गिटारबरोबरच ते चॅपमन स्टिक नावाचे एक आगळे वाद्य वाजवितात. एमेट चॅपमन यांनी तयार केलेल्या या वाद्यावर दहा वा बारा तारा असतात. त्या छेडायच्या नसतात. दोन्ही हातांच्या बोटांनी पट्टीवर हलकेच आघात करून स्वर काढायचा असतो. त्यामुळे एकच वादक एका हाताने खर्ज आणि दुसऱ्या हाताने सुरावट वाजवू शकतो. तिसरे जॉर्डन रुडेस. वयाच्या नवव्या वर्षी न्यूयॉर्कच्या विख्यात ज्यूलिअर्ड संस्थेत पियानो शिकण्यास गेलेला हा मुलगा मोठेपणी अभिजात पियानोची वाट सोडून इलेक्ट्रॉनिक कीबोर्डकडे वळला होता. १९९४ साली ड्रीम थिएटरने त्यांना बोलावले होते. परंतु त्या वेळी त्यांनी डिक्सी ड्रेग्ज या दुसऱ्या बँडची निवड केली.

हे चौघे सप्टेंबर १९९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील मिलब्रुक या लहानशा गावी एका ध्वनिमुद्रणगृहात जमले. गायक नव्हता, गीते नव्हती, आणि वेळ थोड्या दिवसांचाच होता. एकाने काही वाजवावे, दुसऱ्याने ते उचलावे, आणि जे रुचेल त्याला घाट देऊन लगेच मुद्रित करावे, अशी कामाची रीत होती. बँडच्या नावातील 'एक्सपेरिमेंट', म्हणजे 'प्रयोग', हा शब्द या रीतीला साजेसाच म्हणावा लागेल. १९९८ साली निघालेल्या या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या शेवटी सुमारे साडेअठ्ठावीस मिनिटांचे एक सलग उत्स्फूर्त वादन आहे. ज्यांना धीर नाही किंवा ज्यांना वादकांचे स्वतःत रमणे सहन होत नाही, त्यांनी हा भाग येण्यापूर्वीच यंत्र बंद करावे, अशा आशयाची गमतीदार सूचनाही तेथे छापलेली आहे. आपला दोष आपणच आधी सांगून मोकळे होण्याचा हा प्रांजळपणा आम्हांला आवडला. त्याच ध्वनिमुद्रिकेत पियानो आणि गिटार यांची एक शांत जुगलबंदी आहे. तिचे नाव 'स्टेट ऑफ ग्रेस'. आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात जिला 'कृपावस्था' म्हणून शिकलो, तोच हा शब्दप्रयोग. ड्रमच्या गदारोळातून बाहेर आल्यावर ही रचना ऐकताना हे नाव योग्य वाटते.

पहिला प्रयोग यशस्वी झाला की दुसऱ्या प्रयोगाची अडचण सुरू होते. पहिल्या वेळी चौघांचा हा मेळ नवखा होता. कोण काय वाजवील याची उत्सुकता हेच निम्मे भांडवल होते. ऑक्टोबर १९९८ मध्ये तेच चौघे त्याच मिलब्रुकमध्ये पुन्हा बसले तेव्हा ते भांडवल खर्च झालेले होते. आता एकमेकांच्या सवयी ठाऊक होत्या. ठाऊक असलेल्या वाटेने भराभर चालत जाऊन पहिल्यासारखीच दुसरी वस्तू तयार करणे सोपे होते. कोणत्याही क्षेत्रात दुसऱ्या कृतीपुढे हा मोह असतो. कवीच्या दुसऱ्या संग्रहापुढे असतो, धर्मगुरूंच्या दुसऱ्या धर्मग्रामापुढेही असतो.

या वेळी घटनेने वेगळे वळण घेतले. काम चालू असतानाच पेट्रुची यांच्या पत्नीला प्रसववेदना सुरू झाल्या आणि ते ध्वनिमुद्रणगृह सोडून इस्पितळाकडे गेले. आपल्या बाळंतपणाच्या भाषेत सांगायचे तर पाणमोट फुटली, आणि एका घराने दुसऱ्या सगळ्या कामांवर आपला हक्क सांगितला. चौघांच्या बैठकीतली एक जागा रिकामी झाली. आणि तीही गिटारची, ज्या वाद्यावाचून मेटल संगीताची कल्पनाच करता येत नाही.

उरलेल्या तिघांपुढे दोन मार्ग होते. वाद्ये झाकून ठेवून थांबणे हा एक. दुसरा मार्ग त्यांनी पत्करला: ते तिघेच वाजवत राहिले, आणि ध्वनिमुद्रण चालू ठेवले. गिटार नसल्यामुळे आवाजाच्या मध्यभागी मोठी पोकळी पडली होती. तिच्याभोवती कीबोर्ड, स्टिक आणि ड्रम यांना निराळ्या रीतीने वागणे भाग पडले. लेव्हिन यांचा खर्ज, जो एरवी गिटारच्या भिंतीमागे दडून जातो, तो पुढे आला. रुडेस यांना स्वरांपेक्षा नादांच्या छटा शोधण्यास अवसर मिळाला. या दिवसांतील वादन पुढे २००७ साली 'लिक्विड ट्रायो एक्सपेरिमेंट', म्हणजे तिघांचा प्रयोग, या नावाने स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाले. एका माणसाच्या गैरहजेरीत केलेले काम नऊ वर्षांनी त्या गैरहजेरीची नोंद नावातच ठेवून बाहेर आले, हे विशेष.

दुसरी ध्वनिमुद्रिका १५ जून १९९९ रोजी प्रसिद्ध झाली. तिच्यात आठ रचना आहेत आणि एकूण लांबी सुमारे ७४ मिनिटे, म्हणजे त्या काळी एका कॉम्पॅक्ट डिस्कवर जेवढे मावत असे जवळजवळ तेवढी. आरंभीच्या 'अ‍ॅसिड रेन' या रचनेत मेटलचा वेग आणि आघात पुरेपूर आहे. तिसरी, चारच मिनिटांची रचना '९१४' या आकड्याच्या नावाची. मिलब्रुक ज्या भागात आहे त्याचा त्या काळचा दूरध्वनी विभाग-क्रमांक हाच होता. पुढे साडेतेरा मिनिटांच्या एका रचनेला 'स्टार वॉर्स' चित्रपटातील 'च्युबाका' या केसाळ पात्राचे नाव दिलेले आहे. शब्दविरहित संगीताला नाव द्यायचे तर ते कशावरून द्यावे, हा वादकांचा नेहमीचा पेच; आणि असा पेच सोडविताना माणसे हाताशी असेल ते नाव उचलतात, हे यावरून दिसते.

पाचव्या रचनेचे नाव मात्र हाताशी पडलेले नव्हते. ते घडलेले होते. जवळजवळ सतरा मिनिटांची ही रचना ध्वनिमुद्रिकेतील सर्वांत दीर्घ. तिचे नाव 'व्हेन द वॉटर ब्रेक्स', म्हणजे 'पाणमोट फुटते तेव्हा'. ज्या घटनेने काम अडले, तिचेच नाव त्यांनी आपल्या सर्वांत मोठ्या रचनेला दिले. या रचनेत आक्रमक आणि सौम्य विभाग आळीपाळीने येतात. गिटार आणि कीबोर्ड कधी एकाच सुरावटीवरून हातात हात घालून धावतात, कधी एक बोलते आणि दुसरे ऐकते. मधुर भाग येतो तेव्हा आधीच्या सगळ्या झटापटीचा अर्थ लागल्यासारखा वाटतो. प्रसूतीचे दुःख आणि बाळ हाती आल्यावर त्या दुःखाचा पडणारा विसर, हा दृष्टान्त आपल्या प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांना दिल्याचे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. या वादकांच्या मनात तो दृष्टान्त होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु वेदनेतून आनंदाकडे जाणारी वाट ज्याने पाहिली आहे, त्या कोणाही श्रोत्याला ही रचना ऐकताना तो आठवला तर नवल नाही.

शेवटची रचना 'अवरग्लास', म्हणजे वाळूचे घड्याळ. ही पुन्हा पियानो आणि साध्या गिटारची जुगलबंदी. ड्रम नाही, विजेचा खरखराट नाही, साडेचार मिनिटांत सारे संपते. तासाभराहून अधिक काळ चाललेल्या कल्लोळानंतर दोन माणसे शेजारी बसून हळू आवाजात बोलत आहेत असा भास होतो. ज्यांना मेटल संगीताची धास्ती वाटते, त्यांनी ही ध्वनिमुद्रिका शेवटाकडून ऐकण्यास आरंभ करावा, असे आम्ही सुचवू.

आता थोडे गुणदोषांविषयी. या ध्वनिमुद्रिकेत असे बरेच क्षण आहेत की जेथे बोटांची चपळाई हाच हेतू होऊन बसतो. सेकंदात किती स्वर काढता येतात याची ती चढाओढ असते, आणि ऐकणाऱ्याला आरंभी अचंबा वाटला तरी लवकरच थकवा येतो. दहावे पायस यांनी मंदिरातील संगीतात दिखाऊपणा शिरू नये म्हणून जी काळजी घेतली, तिचा अर्थ अशा वेळी नीट कळतो. मंदिराबाहेरही ती कसोटी लावून पाहण्यास हरकत नाही: वादक स्वतःला ऐकवीत आहे की दुसऱ्याला ऐकत आहे? या दोन्ही वृत्ती या एकाच ध्वनिमुद्रिकेत शेजारी शेजारी सापडतात. जेथे चौघे एकमेकांना ऐकतात, तेथे ती उंच जाते. आवाज किती मोठा आहे किंवा गिटार किती खरखरीत आहे, यावर हे अवलंबून राहत नाही. आरंभी आम्ही जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर आमच्या मते येथे मिळते. आवाजाला स्वतःचा धर्म नसतो. त्याला वळण देतो तो वाजविणाऱ्याचा भाव, आणि ऐकणाऱ्याचा विवेक. मुलाच्या खोलीचे दार बंद करण्यापूर्वी आईबापांनी आत जाऊन एकदा शेजारी बसून ऐकावे, हे यातून निघणारे व्यावहारिक सूत्र. पटले नाही तर ऐकल्यानंतर नाकारता येतेच; आणि ऐकून दिलेला नकार मुलालाही पटण्याचा संभव अधिक.

या बँडची पुढची कथाही थोडक्यात सांगितली पाहिजे. दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेच्या कामातून रुडेस यांचे पोर्टनॉय व पेट्रुची यांच्याशी सूत इतके जुळले, की १९९९ साली ते ड्रीम थिएटरमध्येच दाखल झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात निघालेली ड्रीम थिएटरची ध्वनिमुद्रिका त्या बँडच्या श्रेष्ठ कृतींत गणली जाते. परंतु चौघांतले तिघे आता एकाच घरचे झाल्यामुळे वेगळ्या प्रयोगाचे प्रयोजन उरले नाही. प्रयोग यशस्वी झाला म्हणूनच तो थांबला. २००८ साली पहिल्या ध्वनिमुद्रिकेला दहा वर्षे झाल्यानिमित्त चौघांनी पुन्हा काही जाहीर कार्यक्रम केले. त्यांतील शिकागोच्या कार्यक्रमात रुडेस यांचा कीबोर्ड भर रंगमंचावर बंद पडला. या खेपेला रिकामी जागा त्यांची होती. दहा वर्षांपूर्वी पेट्रुची यांच्या अनुपस्थितीत बाकीच्या तिघांनी जे केले, तेच आता पेट्रुची, लेव्हिन आणि पोर्टनॉय यांनी केले. ऐनवेळी सुचेल ते वाजवून त्यांनी प्रसंग सांभाळला. २००९ साली त्या संध्याकाळचे ध्वनिमुद्रण निघाले तेव्हा त्याचे नाव जुन्या रचनेवरून विनोदाने 'व्हेन द कीबोर्ड ब्रेक्स' असे ठेवण्यात आले.

त्यानंतर मात्र एक जागा अधिक दुखऱ्या कारणाने रिकामी झाली. सप्टेंबर २०१० मध्ये पोर्टनॉय यांनी ड्रीम थिएटर सोडले. पंचवीस वर्षांची सोबत तुटली, आणि जवळजवळ दहा वर्षे पोर्टनॉय आणि पेट्रुची यांनी एकत्र वाजविले नाही. २०२० साली करोनाच्या साथीने सर्व जाहीर कार्यक्रम बंद पाडले, तेव्हा पेट्रुची यांनी आपल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेवर ड्रम वाजविण्यासाठी जुन्या मित्राला बोलावले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात साथीचे नियम पाळून चौघे पुन्हा एका खोलीत बसले, आणि १६ एप्रिल २०२१ रोजी, दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेनंतर जवळजवळ बावीस वर्षांनी, तिसरी प्रसिद्ध झाली. लेव्हिन तोवर ७४ वर्षांचे झाले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पोर्टनॉय ड्रीम थिएटरमध्ये परत आल्याचेही जाहीर झाले. तुटलेले नाते पुन्हा सांधण्यासाठी काही वेळा मोठी चर्चा लागत नाही; पूर्वी जे काम दोघांनी मिळून प्रेमाने केले, ते पुन्हा हाती घेतले की बाकीचे हळूहळू जुळून येते. गावकीतील आणि घरातील अबोल्यांविषयीही हेच म्हणता येईल.

मिलब्रुकमधील ऑक्टोबर १९९८ च्या त्या दिवसांत संगीताच्या इतिहासाला मोठे वळण मिळाले, असा दावा कोणी करणार नाही. आठ रचनांची एक ध्वनिमुद्रिका निघाली, आणि विशिष्ट आवडीच्या श्रोत्यांनी ती जपली, एवढेच. परंतु त्या दिवसांतील घटनाक्रम आम्हांला महत्त्वाचा वाटतो. ठरलेली मुदत होती, भाड्याची जागा होती, कंपनीचा पैसा गुंतलेला होता. अशा वेळी एका माणसाने वाद्य खाली ठेवले आणि तो आपल्या पत्नीजवळ गेला. त्याच्या सोबत्यांनी काम सोडले नाही, आणि त्याची जागाही दुसऱ्या कोणाला दिली नाही. ती त्यांनी त्याच्यासाठी राखून ठेवली. तो परत आला तेव्हा कृती पूर्ण झाली, आणि तिच्यातील सर्वांत मोठ्या भागाला त्या जन्माचे नाव मिळाले. आज परदेशी नोकरीला किंवा मुंबईच्या गाडीला बांधल्या गेलेल्या आपल्या कित्येक घरांत बाप बाळाच्या जन्माला हजर राहू शकत नाही. कधी नाइलाज असतो, कधी काम थोडे अधिक निकडीचे मानले जाते. जेथे नाइलाज आहे तेथे दोष देता येत नाही. जेथे निवड शक्य आहे, तेथे तरी निवड करावी, आणि आपल्या सहकाऱ्यांपैकी कोणी अशी निवड केली तर त्याची जागा राखून ठेवावी. काम मागे पडेल अशी भीती त्या वेळी वाटते. मिलब्रुकमध्ये ते मागे पडले नाही.